धरणकाठी मुक्काम करायचाय? बेळगाव, खानापूर, चंदगडकडच्या जलाशयांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, सुगी आटोपत आली की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "पोरं मागं लागलीत, एक रात्र तंबूत काढूया म्हणतात. कुठं जायचं?" गेली बरीच वर्षं घरच्यांना, गल्लीतल्या मुलांना घेऊन मी या भागातल्या पाण्याच्या काठी मुक्कामाला जातो. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

राकसकोपला तंबू टाकता येतो का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर दरवेळी नाहीच. मार्कंडेय नदीवरचं हे धरण बेळगाव शहराला प्यायचं पाणी देतं. पावसाळ्यात पेपरात रोज पातळी छापून येते, २,४७५ फुटांला धरण भरलं की शहर सुटकेचा श्वास टाकतं, ते हेच पाणी. काठावर तंबू टाकला की मागोमाग साबण येतो, खरकटं येतं, शौचाला बसणं येतं, आणि ते सगळं दोन दिवसांनी आपल्याच नळाच्या दिशेनं निघतं. बेळगुंदीच्या बाजूनं जाऊन लांबून जलाशय बघावा, चंदगड तालुक्यातल्या तुडयेच्या अंगानं डोंगर बघावेत आणि दिवस मावळायच्या आत घरी यावं.

मग जायचं तरी कुठं?

पहिल्यांदाच जात असाल, लहान मुलं बरोबर असतील, तर हिडकल. हुक्केरी तालुक्यातलं घटप्रभेवरचं हे मोठं धरण, राजा लखमगौडा जलाशय. साठवण ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट पाणी. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून आत वळायचं, रस्ता सोपा. प्रत्यक्ष धरणाजवळ तंबूचा विचार करू नका. फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागं पसरलेल्या पाण्याच्या कडेनं गावं आहेत, तिथं कुणाच्या तरी रानात परवानगीनं राहायचं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. त्या दिवसांत तिथं माणसांची रीघ लागते. मुक्कामाला तो काळ चांगला नाही, सावली नसते, पण देऊळ बघायला एक दिवस जरूर जावं. धरणात गाव जाणं म्हणजे काय, ते मुलांना शब्दांत सांगून कळत नाही. पाण्यातून वर आलेलं शिखर बघितलं की आपोआप गप्प होतात.

पक्षी बघायचे असतील तर तिथूनच पुढं गोकाककडं धुपदाळ. ब्रिटिश काळातला बंधारा आणि त्याच्या पाण्याभोवतीचं घटप्रभा पक्षी अभयारण्य. थंडीत पांढरे करकोचे, कांड्या करकोचे येतात. अभयारण्यात रात्री राहता येत नाही, पहाटे जाऊन यायचं.

डोंगर, धुकं आणि झाडी हवी असेल तर पश्चिमेला चला. शिनोळी, पाटणे फाटा करत तिलारीनगरच्या पठारावर जाता येतं. चंदगड तालुक्यातलीच जंगमहट्टी, जांबरे, फाटकवाडी ही धरणं लहान, पण देखणी. ही बाजू महाराष्ट्रात येते, तेव्हा परवानग्याही तिकडच्याच. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबी पट्टा आहे. मलप्रभा कणकुंबीच्या माउली मंदिरापाशी उगम पावते आणि तिचं पाणी पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात, म्हणजे रेणुका सागरात साठतं. उगमाच्या बाजूला राहायचं झालं तर रीतसर होमस्टे किंवा रिसॉर्टच्या आवारातच राहा. जवळच भीमगड अभयारण्य आहे. २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. बारापेडेच्या गुहांतलं दुर्मिळ वटवाघूळ हे त्याचं मोठं वैभव. तिथं आपण होऊन तंबू ठोकणं हा सरळसरळ गुन्हा आहे.

नविलुतीर्थाला जायचं असेल तर मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. यल्लम्माच्या यात्रेला लाखो माणूस येतं, रस्ते भरलेले असतात.

परवानगी नेमकी कुणाची घ्यायची? कुणीच विचारत नाही असं ऐकलंय.

विचारत नाहीत तोवर विचारत नाहीत. एखादी घटना घडली की सगळ्यात आधी तुमचीच गाडी ठाण्यात जाते.

जमीन कुणाची हे आधी हुडका. भिंत, सांडवा, दरवाजे, कालवा आणि पाण्याखाली जाणारा पट्टा पाटबंधारे खात्याचा. कर्नाटकात हिडकल आणि मलप्रभेच्या धरणांचं काम नीरावरी निगमाकडं आहे. झाडी सुरू झाली की वनखातं. उरलेली जमीन शेतकऱ्याची किंवा गायरान. गायरान म्हणजे कुणाचीच नाही असं समजू नका, तिथं ग्रामपंचायत आहे. माझा सल्ला एकच: शेतकऱ्याच्या मालकीचं, सुगी झालेलं रिकामं रान निवडा, मालकाला आठवडाभर आधी जाऊन भेटा आणि गावातल्या पंचायतीच्या कानावर घाला. मुक्कामाच्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्याला माणसांची संख्या आणि गाडीचा नंबर कळवून ठेवा. दोन मिनिटांचं काम, पण रात्री गस्तीची गाडी आली तर प्रश्न उरत नाही.

धरणाच्या भिंतीवर फोटो आणि ड्रोनला मनाई असते. मुलांना आधीच सांगून ठेवा.

कोणता महिना बरा?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. धरणं भरलेली असतात, आभाळ स्वच्छ असतं, गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. चांदणं नसेल त्या वर्षी ही रात्र चुकवू नये.

थंडीचा अंदाज मात्र शहरावरून बांधू नका. कॅम्पात किंवा टिळकवाडीत स्वेटर पुरतो, पाण्याच्या काठी पहाटे दव असं पडतं की तंबूचं कापड पिळून काढावं लागतं.

मार्चनंतर वणव्यांची भीती. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. कणकुंबी-आमगाव पट्ट्यात कोसळतो तो पाऊस बेळगावच्या पावसासारखा नसतो, तासाभरात ओढा नदी होतो. पावसाळ्यात खानापूरच्या धबधब्यांवर बऱ्याचदा बंदी घातली जाते, ती कुणाची मजा हिरावून घ्यायला नव्हे. दरवर्षी पोरं जातात हो त्या पाण्यात.

तंबू पाण्यापासून किती लांब टाकायचा?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चूक इथंच होते.

धरणाचा काठ म्हणजे तळ्याचा काठ नव्हे. तळ्याची कड वर्षभर साधारण तिथंच राहते. धरणाची कड रोज सरकते. वर पाऊस झाला की पाणी चढतं, कालव्याला सोडलं की उतरतं, वीजनिर्मिती असेल तर दिवसातही वरखाली होतं. एका सप्टेंबरअखेरीला आम्ही एका लहान जलाशयावर पाण्यापासून तीसेक पावलं सोडून तंबू टाकला होता. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता. वरच्या डोंगरात मात्र रात्रभर कोसळत होता. पहाटे चार वाजता थोरल्या मुलीनं उठवलं, "बाबा, चप्पल तरंगतीय." सगळं सामान अंधारात उचलून वर पळावं लागलं. त्यानंतर सप्टेंबरातला मुक्काम मी कायमचा बंद केला.

कड ओळखायची सोपी खूण आहे. काठावर उभं राहून वर बघा. जिथपर्यंत जमीन उघडी, गाळाची, भेगाळलेली दिसते आणि जिथून झुडपं आणि जुनी झाडं सुरू होतात, ती भरलेल्या धरणाची रेघ. तंबू त्या रेघेच्या वर, आणि रेघेपासूनही साठ-सत्तर मीटर मागं. उतारावर नको, ओढ्याच्या तोंडाशी नको, एकट्या उंच झाडाखाली नको. जनावरांची पाणवठ्याला जायची वाट असेल तर ती मोकळी सोडा. गुरांची असो वा गव्यांची, रात्री त्या वाटेवर तुम्ही अडथळा असता.

धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात तर कधीच नाही. दरवाजे उघडले की भोंगा वाजतो म्हणतात, पण तो झोपेत, वाऱ्याच्या उलट्या दिशेला ऐकू येईलच याचा भरवसा काय?

पाण्यात उतरायचं का? मुलाला पोहायला येतं.

स्विमिंग पूलमध्ये येतं. धरणात तळ दिसत नाही. दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला जुनी विहीर, जुना बांध किंवा नदीचं मूळ पात्र असू शकतं. काठाच्या गाळात पाय रुतला की पट्टीचा पोहणाराही घाबरतो. खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात, मासेमारीची जाळी असतात. आमचा नियम असा: घोट्याच्या वर पाणी नाही, आणि तेही मोठं माणूस शेजारी असताना. बोटिंगची रीतसर सोय असेल तिथं लाइफ जॅकेट घालून बसावं, जॅकेट देत नसतील तर पैसे परत मागून उतरावं. दांडेलीकडं काळी नदीच्या बाजूला गेलात तर मगरी आहेत, तिथं पाय धुवायलाही कडेला बसू नका.

हत्ती, गवे, साप... भीती वाटते.

वाटलीच पाहिजे, पण ओळखून.

दांडेलीच्या जंगलातून हत्ती २००२ साली तिलारी-दोडामार्ग भागात उतरले आणि तेव्हापासून चंदगड, खानापूरच्या शिवारांत त्यांचं येणं-जाणं सुरू आहे. भात कापणीला आलं, ऊस वाढला की ते रानात असतात. म्हणून गावात पोचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, "हत्ती कुठं हाईत सध्या?" गावाला नक्की ठाऊक असतं. जवळ आहेत असं सांगितलं तर तंबू उघडायचाच नाही, गावात कुणाच्या तरी पडवीत झोपायचं. केळी, गूळ, मीठ तंबूत ठेवू नका. गवा संध्याकाळी पाण्यावर येतो. लांबून अतिशय शांत वाटतो. फोटोसाठी जवळ जाऊ नका. अस्वलही आहे या भागात, म्हणून अंधारात एकट्यानं हिंडायचं नाही.

साप म्हटलं की लोक नागाला घाबरतात. गवतात घोणस असते, जांभ्या दगडांच्या सड्यावर फुरसं असतं आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसापाशी मण्यार येते. बंद तंबूत, चेन लावून झोपणं हा मण्यारीवरचा सगळ्यात चांगला उपाय. बूट सकाळी झटकूनच घाला. चावलाच तर दोरी आवळू नका, कापू नका, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. माणसाला शांत बसवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या. सापाला मारून बरोबर न्यायचीही गरज नसते.

गोचिडीबद्दल फार कमी लोक विचारतात, म्हणून मीच सांगतो. माकडताप. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर भागात सापडलेला हा रोग २०१६ पासून दोडामार्ग पट्ट्यातही आला. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका आपल्या मुक्कामाचा. गोचिडीची बारीक पिलं पाचोळ्यात असतात. काजूच्या बागेत पानांवर चादर टाकून लोळू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य खात्याला कळवा. परत आल्यावर आठवडाभरात सणकून ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" हे न विचारता सांगा.

तंबू कसला घ्यावा? आणखी काय न्यायचं?

चौघांच्या घराला सहा माणसांचा तंबू. वरचं दुहेरी कापड हवंच, नाहीतर पहाटे आतल्या बाजूला थेंब जमून अंगावर पडतात. खाली ताडपत्री, पण तंबूच्या मापापेक्षा मोठी नको. बाहेर राहिलेल्या कडेवर दव साठून ते आत शिरतं.

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जमीन जांभ्याची. खुंट्या दोन बोटंही आत जात नाहीत, वाकतात. जाड दोरी न्या आणि मोठ्या दगडांना तंबू बांधा. हिडकलकडच्या काळ्या मातीत उलटं, खुंटी लोण्यात जावी तशी जाते आणि वाऱ्यानं तशीच निघूनही येते. तिथं लांब खुंट्या लागतात.

झोपायच्या महागड्या पिशव्या घेतल्या नाहीत तरी चालतं. खाली घोंगडं, वर दोन कांबळी. घोंगडं दमट हवेतही ऊब धरतं, धनगर शेकडो वर्षं याच डोंगरात त्याच्यावरच झोपतो आहे. प्रत्येकाला स्वतःची बॅटरी, शिट्टी, कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचा जास्तीचा जोड द्या.

शेकोटी पेटवली तर चालेल ना?

मालकाची परवानगी असेल, वारा नसेल आणि भोवतीचं गवत दोन मीटर साफ केलं असेल तर. लाकूड घरून किंवा गावातून विकत न्या, जंगलातली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. जानेवारीनंतर काजूच्या बागेजवळ मी शेकोटी पेटवतच नाही. कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न उभं असतं तिथं. झोपताना निखाऱ्यावर पाणी ओता, राख हातानं चाचपून बघा, गार लागली तरच उठा.

स्वयंपाक गॅसवर करा आणि तंबूच्या बाहेर करा. पहिल्या रात्रीसाठी घरून भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी बांधून नेलेली सगळ्यात बरी. थंडीच्या दिवसांत वाटेत रताळी मिळतात, बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांची ती खास चीज. निखाऱ्यात पुरून अर्धा तास विसरायची. साल जळते, आतला गर मात्र मधासारखा होतो. आमची मुलं सहलीचं नाव काढलं की आधी रताळी आठवतात, धरण नंतर.

प्यायचं पाणी धरणाचं चालेल का? आणि शौचाचं काय?

गाळून दहा मिनिटं खळखळा उकळल्याशिवाय नको. शेतातली खतं आणि औषधं उकळूनही जात नाहीत, म्हणून शक्यतो घरचंच न्या. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला पाच लिटर.

गावात शौचालय वापरू द्याल का असं विचारलं तर बहुतेक घरं देतात. नसेलच सोय तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. डायपर, पॅड परत पिशवीतून घरी. भांडी राखेनं घासून बादलीत धुवा आणि ते पाणी रानात टाका, साबण जलाशयात नेऊ नका. राकसकोपखालून वाहणारी मार्कंडेय पुढं शिरूरच्या धरणात अडते, गोडचिनमलकीचा धबधबा होऊन उड्या घेते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. वाटेत किती गावांचे हंडे तिच्यात बुडतात, ते एकदा नकाशावर बोट फिरवून बघा.

पाट्या कन्नडमध्ये असतात, वाचता येत नाहीत.

बेळगाव, खानापूर, चंदगडच्या पश्चिम पट्ट्यात मराठीवर भागतं. हुक्केरी, गोकाक, सौंदत्तीला कन्नड लागतं. मोडकं बोललं तरी माणसं मायेनं वागतात. चार शब्द मात्र मुलांनाही शिकवा. 'अपाय' म्हणजे धोका. 'आळ' म्हणजे खोल. 'मोसळे' म्हणजे मगर. 'नीरिगे इळियबेडि' म्हणजे पाण्यात उतरू नका. लिपी येत नसेल तर पाटी दिसल्यावर पहिल्या भेटलेल्या माणसाला वाचून दाखवायला सांगा, अंदाजानं पुढं जाऊ नका.

सीमा ओलांडताना काही अडचण?

घरगुती गाडीला सहसा नाही. दारूचं मात्र स्पष्ट सांगतो. गोव्याची स्वस्त बाटली परवान्याशिवाय कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि चोर्ला रस्त्यावर कणकुंबीला तपासणी असते. तसंही दारू आणि धरण या दोन गोष्टी एकत्र येऊ नयेत.

बसनं जाणाऱ्या महिलांसाठी: कर्नाटकाच्या रहिवासी असाल तर शक्ती योजनेत जून २०२३ पासून साध्या बसचा प्रवास राज्याच्या हद्दीत मोफत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट.

गाडीनं जात असाल तर अंधार पडायच्या आत पोचा. हा ऊसतोडीचा हंगाम. बिनदिव्याच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वळणावर उभे असतात. वाघा-अस्वलापेक्षा मला या रस्त्याचीच धास्ती जास्त.

रेंज नसते. काही झालं तर?

निघायच्या आधी घरी एका कागदावर गावाचं नाव, तालुका, रानमालकाचा फोन आणि परतायची वेळ लिहून ठेवा. रेंज कुठल्या टेकाडावर येते ते उजेडातच बघून ठेवा. ११२ दोन्ही राज्यांत चालतो, रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याला १९२६. फोनवर गावाबरोबर तालुका आणि जिल्हा सांगायचाच. सीमेवर मोबाइल कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा.

मासे धरले तर?

विचारल्याशिवाय नको. बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तुमचा गळ म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय. ताजे मासे त्यांच्याकडूनच विकत घ्या.

आम्ही चार-पाच मैत्रिणीच जाणार आहोत. जमेल का?

जमेल की. माझी बहीण आणि तिच्या शाळेतल्या शिक्षिका दोनदा जाऊन आल्या. त्यांनी एक केलं, घराला लागून असलेलं रान निवडलं, जिथून मालकिणीला हाक मारली तर ऐकू जाईल. रात्री नऊला मालकीण स्वतःच कंदील घेऊन आली आणि अकरापर्यंत गप्पा मारत बसली. सुनसान जागेत जास्त मजा असते हा समज सोडून द्या.

रानमालकाला पैसे किती द्यायचे?

अनेकजण घेत नाहीत, आणि हातावर टेकवलेले पैसे त्यांना अवघड वाटतात. मी मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच काही विकत घेतो. बासमती तांदूळ, नाचणी, काजू, रताळी, असेल ते, सांगतील त्या भावात. जाताना शहरातून कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा एक डबा नेतो. निघताना रान एकदा त्यांच्याबरोबर चालून येतो, खुंटीचं एखादं भोक, राखेचा ढीग, चुकून राहिलेली पिशवी त्यांच्यादेखत आवरतो. गेल्या वर्षी एका मालकानं त्या फेरीत बांध दाखवला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला हितं टाका, सकाळचं ऊन थेट येतंय." यंदा डिसेंबरात तिथंच जाणार आहोत.